मानसशास्त्रीय लेखनातील संदर्भपद्धती : नियमांचा आणि चुकांचा इतिहास

सारांश

मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प-अहवाल व लघुप्रबंध लिहिताना बहुधा अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची संदर्भपद्धती पाळावी लागते. स्वल्पविराम, कंस आणि तिरपा टाइप यांचे तंत्र म्हणूनच ती प्रायः शिकविली जाते. प्रस्तुत निबंधात या पद्धतीच्या १८८१ पासूनच्या जडणघडणीचा आढावा घेतला आहे. त्याचबरोबर, निर्दोष संदर्भांचा आधार घेऊन मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत पसरलेल्या काही प्रसिद्ध चुकांचाही मागोवा घेतला आहे. संदर्भ देणे म्हणजे ‘हे मी स्वतः पाहिले आहे’ अशी ग्वाही देणे होय. ही ग्वाही सुटली की सर्व नियम पाळूनही संदर्भ चुकीचाच राहतो, हे या इतिहासावरून स्पष्ट होते. चर्चेस आधारभूत असलेल्या लेखांचे लेखक व वर्ष यांचा निर्देश मजकुरातच केला आहे.

बीजसंज्ञा : संदर्भपद्धती, दुय्यम संदर्भ, मानसशास्त्राचा इतिहास, विद्यार्थ्यांचे लेखन

प्रस्तावना

‘गरजांची अधिश्रेणी’ हा घटक शिकविताना फळ्यावर एक त्रिकोण काढला जातो. तळाशी शारीरिक गरजा, त्यावर सुरक्षितता, मग प्रेम, प्रतिष्ठा आणि शिखरावर आत्मसिद्धी. त्रिकोणाखाली कंसात ‘मॅस्लो, १९४३’ असे लिहिले जाते. प्रस्तुत लेखकाने अनेक वर्षे हेच केले आणि विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत हा संदर्भ बिनचूक आला म्हणून त्यांना गुणही दिले. पुढे एका विद्यार्थिनीने हा त्रिकोण मूळ लेखात कोणत्या पृष्ठावर आहे, असे विचारले. उत्तर देण्यासाठी तो लेख प्रथमच उघडला, तेव्हा त्यात त्रिकोण कोठेच आढळला नाही.

कंस, नाव, स्वल्पविराम, वर्ष हे सर्व त्या संदर्भात ठीक होते. तरीही संदर्भ खोटा होता, कारण तो देणाऱ्याने मूळ लेख पाहिलेला नव्हता. विद्यार्थ्याच्या लेखनात आपण नेमके काय तपासतो आणि काय तपासले पाहिजे, हा प्रश्न या अनुभवातून पुढे आला. संदर्भाचे नियम कोणी, केव्हा व कशासाठी केले, आणि ते पाळले जात असतानाही चुका कशा पसरल्या, या दोन गोष्टी एकत्र पाहिल्याखेरीज या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

कंसातील नाव आणि वर्ष

लेखकाचे आडनाव व प्रकाशनवर्ष कंसात देण्याची पद्धत मानसशास्त्रात जन्मलेली नाही. ती प्राणिशास्त्रातून आली. हार्वर्ड येथील प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांनी १८८१ साली बागेतील एका गोगलगायीच्या अंड्याच्या विकासावर विस्तृत निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी मजकुरातच लेखकाचे नाव व वर्ष देऊन वाचकाला शेवटच्या सूचीकडे नेले. या पद्धतीला ‘हार्वर्ड पद्धत’ हे नाव कसे पडले याचा शोध घेऊन एली चेर्निन यांनी १९८८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मार्क यांच्या या निबंधाकडे लक्ष वेधले.

त्याच सुमारास मानसशास्त्र स्वतंत्र विद्याशाखा म्हणून उभे राहत होते. विल्हेल्म वुंट यांची लाइपझिग येथील प्रयोगशाळा १८७९ ची. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन १८९२ साली स्थापन झाली आणि सायकॉलॉजिकल रिव्ह्यू १८९४ साली निघाले. या काळातील लेखांत तळटीपांची चाल होती आणि प्रत्येक नियतकालिकाचे वळण वेगळे होते. वाचणारे थोडे आणि बहुधा परस्परांना ओळखणारे असल्यामुळे अपुऱ्या तळटिपेनेही काम भागत असे.

विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचविशीत लेखांची संख्या वाढली. १९२७ साली सायकॉलॉजिकल ॲबस्ट्रॅक्ट्स सुरू करावे लागले, यावरूनच वाङ्मयाचा पसारा किती झाला होता हे ध्यानात येते. आता संदर्भ अनोळखी वाचकासाठी द्यावयाचा होता. तो वाचक दुसऱ्या गावात, कदाचित दुसऱ्या देशात असणार आणि त्याला केवळ त्या एका ओळीच्या आधारे ग्रंथालयातून नेमका अंक काढता आला पाहिजे, ही गरज निर्माण झाली.

सात पानांपासून चारशे पानांपर्यंत

१९२८ साली मानसशास्त्र व मानवशास्त्र या विषयांच्या नियतकालिकांचे संपादक व व्यवस्थापक वॉशिंग्टन येथे एकत्र आले. अध्यक्षस्थानी मॅडिसन बेंटली होते. या बैठकीतून तयार झालेल्या सूचना १९२९ च्या फेब्रुवारीत सायकॉलॉजिकल बुलेटिनमध्ये प्रसिद्ध झाल्या. त्या सात पानांच्या होत्या. त्या तयार करणाऱ्यांत मार्गारेट फ्लॉय वॉशबर्न होत्या. मानसशास्त्रात पीएच.डी. मिळविणाऱ्या त्या पहिल्या अमेरिकन महिला होत. संपादकांच्या जोडीला मुद्रणव्यवसायातील व्यक्तीही समितीत होती, ही बाब लक्षणीय आहे. हस्तलिखित एकसारखे आले की जुळणीचा वेळ व खर्च वाचतो, हा साधा व्यवहार या सूचनांमागे होता. आपण कायदा करीत आहोत असा समितीचा आविर्भाव नव्हता. शंका आल्यास पाहता यावे असे एक प्रमाण तिला हवे होते आणि अपवाद होणार हे तिने गृहीत धरले होते.

१९४४ साली जॉन अँडरसन व विलार्ड व्हॅलेन्टाइन यांनी या सूचना ३२ पानांपर्यंत वाढविल्या. प्रथमच लेखन करणाऱ्या तरुण संशोधकांना साहाय्य करणे हा हेतू येथे स्पष्ट झाला. १९५२ च्या पुरवणीला ‘पब्लिकेशन मॅन्युअल’ हे नाव मिळाले. त्यानंतर १९७४ मध्ये दुसरी आवृत्ती, १९८३ मध्ये तिसरी, १९९४ मध्ये चौथी, २००१ मध्ये पाचवी, २००९ मध्ये सहावी आणि २०१९ मध्ये सातवी निघाली. आज हा ग्रंथ चारशेहून अधिक पानांचा आहे.

विद्यार्थ्यांना ही पद्धती शाश्वत वाटते. प्रत्यक्षात तिचे नियम सतत बदलत आले आहेत. १९५० च्या दशकात असोसिएशनच्या नियतकालिकांत कंसात नाव-वर्ष देण्याऐवजी सूचीतील अनुक्रमांक दिला जाई. मॅस्लो यांचा १९४३ चा लेखही क्रमांकांनीच संदर्भ देतो. नाव-वर्ष पद्धत तेथे स्थिर झाली ती १९६० च्या दशकात. प्रकाशनस्थळ देणे सहाव्या आवृत्तीपर्यंत आवश्यक होते, सातव्या आवृत्तीने ते काढून टाकले. तीन ते पाच लेखक असल्यास पहिल्या उल्लेखात सर्वांची नावे देण्याचा नियमही सातव्या आवृत्तीत गेला. आता तीन किंवा अधिक लेखक असल्यास पहिल्यापासूनच ‘व इतर’ पुरते.

२००९ मधील एक प्रसंग येथे सांगण्यासारखा आहे. सहाव्या आवृत्तीच्या पहिल्या मुद्रणातच अनेक चुका निघाल्या. लेखन कसे करावे हे दाखविण्यासाठी दिलेल्या नमुना-लेखांतही ग्रंथाचे स्वतःचेच नियम मोडले गेले होते. अध्यापकांनी तक्रारी केल्या, दुरुस्त्या प्रसिद्ध झाल्या आणि अखेरीस प्रती बदलून देण्याची व्यवस्था करावी लागली. नियम करणाऱ्या संस्थेलाही जे एका मुद्रणात साधले नाही, ते द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्याला पहिल्या प्रयत्नात साधावे अशी अपेक्षा करताना एवढे तरी स्मरणात असावे.

नियम काटेकोर, आशय चुकीचा

संदर्भाच्या बाह्यरूपाची ही वाटचाल झाली. आता त्यांतून वाहत आलेल्या आशयाकडे वळू. पुढील चारही उदाहरणे पदवी अभ्यासक्रमातील असून प्रत्येक अध्यापकाच्या परिचयाची आहेत.

पहिले उदाहरण वुंट यांचे. ज्या १९२९ साली संदर्भाच्या सूचना निघाल्या, त्याच वर्षी एडविन बोरिंग यांचा प्रायोगिक मानसशास्त्राचा इतिहास प्रसिद्ध झाला आणि दीर्घकाळ प्रमाण मानला गेला. बोरिंग हे टिचेनर यांचे शिष्य आणि टिचेनर हे वुंट यांचे शिष्य. इंग्रजी वाचकांना वुंट दिसले ते या परंपरेतून. टिचेनर यांचे अंतर्निरीक्षण आणि त्यांनी नाव दिलेला रचनावाद हे दोन्ही वुंट यांच्या खाती जमा झाले. वस्तुतः वुंट यांनी प्रयोगातील अंतर्निरीक्षणावर कडक मर्यादा घातल्या होत्या, संकल्पशक्तीला मध्यवर्ती स्थान दिले होते आणि भाषा, पुराणकथा व रूढी यांचा अभ्यास करणारे लोकमानसशास्त्राचे दहा खंड लिहिले होते. आर्थर ब्लुमेंथाल यांनी १९७५ साली अमेरिकन सायकॉलॉजिस्टमध्ये हे दाखवून दिले, तेव्हा वुंट यांना जाऊन ५५ वर्षे झाली होती. ज्यांचे ग्रंथ जर्मनमध्ये होते आणि ज्यांचा उल्लेख सर्वजण करीत होते, अशा लेखकाची ही अवस्था होती.

दुसरे उदाहरण ‘छोट्या अल्बर्ट’चे. जॉन वॉटसन व रोझाली रेनर यांचा लेख १९२० साली जर्नल ऑफ एक्स्परिमेंटल सायकॉलॉजीत आला. तो अवघ्या चौदा पानांचा आहे. नऊ महिन्यांच्या वयात ज्या बालकाने पांढऱ्या उंदराची भीती दाखविली नव्हती, त्याला अकरा महिन्यांचे झाल्यावर उंदीर दाखवीत असताना पाठीमागे पोलादी कांबीवर हातोडा मारून भय शिकविण्यात आले. नंतर ससा, कुत्रा, सीलच्या कातड्याचा कोट, कापूस आणि सांताक्लॉजचा मुखवटा यांना त्याने दिलेले प्रतिसाद नोंदविले गेले. हे प्रतिसाद कमी-अधिक तीव्रतेचे होते. काही अगदी सौम्य होते. भय घालविण्याचे प्रयत्न करण्यापूर्वीच बालक रुग्णालयातून गेले, असे लेखकांनी स्वतः नमूद केले आहे.

बेन हॅरिस यांनी १९७९ साली अमेरिकन सायकॉलॉजिस्टमध्ये पाठ्यपुस्तकांतील या प्रयोगाची वर्णने मूळ लेखाशी ताडून पाहिली. कोठे बालकाचे वय चुकले होते, कोठे उंदराच्या जागी ससा आला होता. बालक ज्यांना घाबरले त्या वस्तूंच्या यादीत मांजर, माणसाची दाढी, पांढरा केसाळ हातमोजा, आईचा फरचा कोट आणि खेळण्यातील अस्वल यांची भर पडली होती. काही पुस्तकांनी तर अल्बर्टचे भय पुढे घालविण्यात आले, असा सुखान्त शेवट जोडला होता. असा प्रयोग झाला होता, पण तो मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ साली प्रसिद्ध केलेला आणि वेगळ्याच बालकावरचा. हॅरिस यांच्या मते या गोंधळाला स्वतः वॉटसनही काही अंशी जबाबदार होते, कारण पुढील लेखनात ते हकीकत थोडी थोडी बदलून सांगत गेले. या सर्व पुस्तकांत ‘वॉटसन व रेनर, १९२०’ हा संदर्भ होताच. सुखान्ताची ही भर निरुपद्रवी नाही. एका अजाण बालकाला भय शिकवून तसेच सोडून देण्यात आले, हा या प्रयोगातील नैतिक प्रश्न तिने झाकून टाकला.

तिसरे उदाहरण यर्क्स-डॉडसन नियमाचे. ‘मध्यम ताणाखाली कार्यक्षमता सर्वाधिक असते’ हे विधान ‘यर्क्स व डॉडसन, १९०८’ या संदर्भासह आणि घंटेच्या आकाराच्या आलेखासह परीक्षाविषयक चिंतेच्या प्रत्येक प्रकल्पात आढळते. मूळ लेखात ताण नाही, चिंता नाही आणि विद्यार्थीही नाहीत. त्यात उंदीर आहेत. पांढऱ्या व काळ्या पेटीतील फरक ओळखावयाचा आणि काळ्या पेटीत शिरल्यास विजेचा धक्का बसावयाचा, अशी रचना होती. ओळखण्याचे काम सोपे असेल तर धक्का जितका तीव्र तितके शिकणे जलद झाले. काम अवघड होत गेले तसा अनुकूल धक्का सौम्य होत गेला. म्हणजे घंटेचा आकार सर्वत्र नव्हताच. धक्क्याची तीव्रता आधी ‘प्रेरणा’ झाली, मग ‘उद्दीपन’, मग ‘ताण’ आणि ‘चिंता’. हा प्रवास कार्ल हाल्व्होर टायगेन यांनी १९९४ साली थिअरी अँड सायकॉलॉजी या नियतकालिकात तपशीलवार मांडला. प्रत्येक नव्या अर्थाला जुनाच संदर्भ चिकटत गेला.

चौथे उदाहरण आरंभी उल्लेखिलेल्या त्रिकोणाचे. टॉड ब्रिजमन, स्टीफन कमिंग्ज व जॉन बॅलार्ड यांनी २०१९ साली त्याचा उगम शोधला. तो मॅस्लो यांनी काढलेला नाही. चार्ल्स मॅकडर्मिड या व्यवसाय-सल्लागार मानसशास्त्रज्ञाच्या १९६० च्या लेखात तो आढळतो आणि हा लेख बिझनेस होरायझन्स या व्यवस्थापनविषयक नियतकालिकातील आहे. मॅस्लो यांचा लेख वाचला असता दिसते ते चित्र वेगळे आहे. गरजांचा क्रम ताठर नसतो असे सांगून ते अपवादांची यादीच देतात. एक गरज शंभर टक्के भागल्यावरच दुसरी उद्भवते ही समजूत ते स्पष्टपणे नाकारतात आणि केवळ उदाहरणादाखल असे म्हणून आकडे सुचवितात : सामान्य माणसाच्या शारीरिक गरजा ८५ टक्के, सुरक्षिततेच्या ७०, प्रेमाच्या ५०, आत्मप्रतिष्ठेच्या ४० आणि आत्मसिद्धीच्या १० टक्के भागलेल्या असाव्यात. म्हणजे सर्व गरजा एकाच वेळी, कमी-अधिक प्रमाणात कार्यरत असतात. त्रिकोणाच्या आडव्या रेघांनी नेमका हाच विचार पुसून टाकला. उत्तरपत्रिकेत आपण ज्याला गुण देतो ते मॅस्लो यांनी नाकारलेले मत असते, ही गोष्ट अध्यापकाला अस्वस्थ करणारी आहे.

मूळ पान उघडणारे

या चारही उदाहरणांत चूक उघडकीस आणणाऱ्याने एकच साधी गोष्ट केली : सर्वांनी उल्लेखिलेले पान त्याने स्वतः उघडले. या कृतीचे सामर्थ्य सर्वांत ठळक झाले ते सर सिरिल बर्ट यांच्या प्रकरणात. बुद्धिमत्ता बहुतांशी आनुवंशिक असते, या मतासाठी बर्ट यांनी अलग वाढलेल्या समरूप जुळ्यांवरील आकडेवारी प्रसिद्ध केली होती आणि शिक्षणविषयक वादांत ती वारंवार उद्धृत होत असे. लिऑन कॅमिन यांनी १९७४ च्या आपल्या ग्रंथात बर्ट यांचे लेख शेजारी शेजारी ठेवले. १९५५ साली जुळ्यांच्या जोड्या २१ होत्या, १९६६ साली ५३ झाल्या. पण बुद्धीच्या सामूहिक चाचणीवरील सहसंबंध दोन्ही वेळी ०.७७१ च राहिला. नमुना अडीचपट व्हावा आणि तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत काहीही हलू नये, हे जवळजवळ अशक्य होते.

१९७६ च्या ऑक्टोबरमध्ये ऑलिव्हर गिली यांनी संडे टाइम्समध्ये, बर्ट यांच्या दोन सहकारी संशोधिका शोधूनही सापडत नाहीत, असे जाहीर केले. बर्ट १९७१ सालीच निवर्तले होते. त्यांचे चरित्रकार लेस्ली हर्नशॉ यांनी १९७९ साली लबाडीचा आरोप ग्राह्य मानला, तर रॉबर्ट जॉयन्सन (१९८९) व रोनाल्ड फ्लेचर (१९९१) यांनी बर्ट यांचा बचाव केला. हेतूविषयीचा वाद बाजूला ठेवला तरी ती आकडेवारी आधार म्हणून वापरता येत नाही, हे निर्विवाद आहे. सर्व लेख छापील स्वरूपात, ग्रंथालयांत उपलब्ध होते. उल्लेख करणाऱ्यांपैकी दोन लेख एकत्र ठेवून पाहणारे मात्र इतकी वर्षे निघाले नाहीत.

न वाचता उल्लेख करण्याची सवय किती व्यापक आहे याचा अंदाज मिखाईल सिम्किन व वाणी रॉयचौधुरी यांनी २००३ साली एका मार्मिक युक्तीने केला. भौतिकशास्त्रातील एका प्रसिद्ध लेखाच्या सुमारे ४,३०० उल्लेखांत त्यांना खंड, पृष्ठ वा वर्ष यांच्या १९६ चुका आढळल्या; पण वेगवेगळ्या चुका केवळ ४५ होत्या. बाकीच्या हुबेहूब त्याच होत्या, म्हणजे त्या दुसऱ्याच्या सूचीतून उतरविलेल्या असणार. त्यावरून मूळ लेख वाचणारे सुमारे एक पंचमांशच असावेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. पद्धतीवर आक्षेप घेता येतील, परंतु उतरवून घेतलेली चूक आपल्या पाऊलखुणा सोडते, हे त्यांनी दाखविले.

आपल्या विद्यार्थ्यांचे लेखन

या इतिहासाच्या प्रकाशात आपल्या महाविद्यालयांतील परिस्थिती पाहिली पाहिजे. मराठी माध्यमाचा विद्यार्थी प्रायः एका मराठी पाठ्यपुस्तकावर अवलंबून असतो. ते पुस्तक एखाद्या इंग्रजी पाठ्यपुस्तकावर आधारलेले असते आणि ते पुस्तक आणखी कशावर तरी. या साखळीच्या शेवटी उभा असलेला विद्यार्थी ‘यर्क्स व डॉडसन, १९०८’ असे लिहितो. त्याच्यापुढे प्रामाणिक पर्याय आहे, हे आपण त्याला सांगितलेले नसते. दुय्यम संदर्भाचा नियम हा तो पर्याय होय. मजकुरात मूळ लेखकाचे नाव देऊन ‘यांत उद्धृत’ असे म्हणून वाचलेल्या पुस्तकाचे नाव द्यावयाचे. आणि सूचीत फक्त वाचलेल्या पुस्तकाचीच नोंद करावयाची. सातवी आवृत्ती दुय्यम संदर्भ शक्यतो टाळा असे सांगते, परंतु मूळ साधन दुर्मीळ असेल किंवा वाचकाला न येणाऱ्या भाषेत असेल, तर तो मान्य करते. वुंट यांच्यासंबंधी लिहिताना आपण सर्वजण याच वर्गात मोडतो. असा संदर्भ कमी प्रतीचा मानून गुण कापण्याची आपली रीत विद्यार्थ्याला खोटे लिहावयास शिकविते.

मराठी साधनांच्या काही स्वतंत्र अडचणी आहेत आणि परकीय नियमग्रंथ त्यांची उत्तरे देत नाही. जुन्या पुस्तकांवर शकवर्ष असते. त्यात ७८ मिळवून इसवी सन काढावा लागतो आणि पौष ते फाल्गुन या महिन्यांत छापलेल्या पुस्तकाच्या बाबतीत हा मेळ एका वर्षाने चुकू शकतो. परकीय नावांचे देवनागरी रूप दर पुस्तकात बदलते. वुंट, वुण्ट व वुंड्ट या तीन व्यक्ती आहेत असे वाटून त्यांच्या तीन नोंदी करणारा विद्यार्थी आपण पाहिलेला असतो. सूचीत मूळ लिपीतील वर्णलेखन सोबत दिल्यास ही अडचण दूर होते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्यास प्रतिबंध करणारे विनियम जारी केले. त्यांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नव्हता आणि पुढे ४० व ६० टक्क्यांवर दंडाच्या पायऱ्या होत्या. या विनियमांमुळे जागरूकता वाढली, हे मान्य केले पाहिजे. तथापि साम्य मोजणारी संगणकप्रणाली शब्द ताडून पाहते; विधान संदर्भात खरोखर आहे की नाही, हे ती पाहत नाही. मॅस्लो यांच्या त्रिकोणाचा परिच्छेद स्वतःच्या शब्दांत लिहिला की तो या चाळणीतून निर्वेध पार होतो.

२०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यानंतर या प्रश्नाने टोक गाठले. विल्यम वॉल्टर्स व एस्थर वाइल्डर यांनी २०२३ साली सायंटिफिक रिपोर्ट्समध्ये प्रसिद्ध केलेल्या तपासणीत, तेव्हाच्या एका प्रारूपाने दिलेल्या संदर्भांपैकी ५५ टक्के आणि त्यापुढील प्रारूपाने दिलेल्यांपैकी १८ टक्के संदर्भ अस्तित्वातच नसलेल्या लेखनाचे निघाले. त्यांत लेखक, वर्ष, नियतकालिक, खंड, पृष्ठे सर्व काही जागच्या जागी असते; नसतो तो फक्त लेख. ज्या बाह्यरूपाला आपण गुण देत आलो ते यंत्र क्षणात निर्माण करू लागले आहे. त्यामुळे त्या बाह्यरूपाचे मूल्यमापन करून विद्यार्थ्याविषयी काहीच कळेनासे झाले आहे.

यावर प्रस्तुत लेखकाने आपल्या वर्गापुरता केलेला उपाय साधा आहे. प्रत्येक प्रकल्पातील कोणताही एक संदर्भ निवडून विद्यार्थ्याने मूळ लेख तोंडी परीक्षेस आणावयाचा आणि आपले विधान ज्यावर आधारले आहे तो परिच्छेद दाखवावयाचा. साधने मिळत नाहीत ही सबब आता पूर्वीइतकी खरी नाही. टोरांटो येथील यॉर्क विद्यापीठाचे क्रिस्टोफर ग्रीन यांनी मानसशास्त्रातील अभिजात लेख संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध केले; त्यांत वॉटसन व रेनर, यर्क्स व डॉडसन आणि मॅस्लो हे तिन्ही लेख आहेत. चौदा पानांचा लेख शब्दकोश हाती घेऊन वाचणे तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरचे नाही. पहिल्या वर्षी काही विद्यार्थ्यांनी लेख आणला आणि विधान त्यात नाही असे स्वतःच सांगितले. त्यांना पूर्ण गुण दिले, कारण त्या परीक्षेतील सर्वांत चांगले संदर्भकार्य तेच होते.

समारोप

हा विचार आपल्याला परका नाही. आधार नसलेले काही लिहिणार नाही आणि अनपेक्षित काही बोलणार नाही, अशी प्रतिज्ञा मल्लिनाथाने आपल्या टीकांच्या आरंभी केली होती. मराठ्यांच्या इतिहासाची साधने १८९८ पासून प्रसिद्ध करताना इतिहासाचार्य राजवाडे यांनी बखरीची हकीकत आणि अस्सल कागद यांत भेद करावयास महाराष्ट्राला शिकविले. बखर टाकाऊ नसते. ती बखर आहे एवढे सांगून वापरली की तिचे मोल राहते. पाठ्यपुस्तक ही आपल्या विषयाची बखरच होय. तिच्यावरून लिहिताना तिचे नाव घ्यावे आणि अस्सल कागदाचे नाव तो पाहिल्यावरच घ्यावे.

१९२९ च्या सात पानांपासून आजच्या चारशे पानांपर्यंत संदर्भाचे नियम वाढत गेले, ते वाचकाला मूळ पानापर्यंत पोहोचता यावे म्हणून. त्या वाटेने लिहिणारा स्वतः एकदा तरी जाऊन आला आहे, हे त्या नियमांत गृहीत होते. स्वल्पविराम चुकलेला संदर्भ दुरुस्त करता येतो. न पाहिलेल्या पानाचा संदर्भ मात्र पुढच्या प्रत्येक वाचकाची फसवणूक करीत राहतो. विद्यार्थ्यांच्या संदर्भसूचीवर लाल शाईने खुणा करताना यांतील कोणती चूक मोठी, याचा निर्णय अध्यापकांनी करावयाचा आहे. फळ्यावरचा तो त्रिकोण प्रस्तुत लेखक अजूनही काढतो. त्याखाली आता ‘मॅकडर्मिड, १९६०, उद्धृत, ब्रिजमन व इतर, २०१९’ असे लिहितो आणि मॅकडर्मिड यांचा मूळ लेख आपण अद्याप पाहिलेला नाही, हे वर्गाला सांगतो.